जुन्या पाइपातली उभी बाग

सहा इंची पीव्हीसी पाइपाचा पाच फुटी तुकडा बादलीत उभा केला, तर तो एका फुटी फरशीवर मावतो. एरवी तेवढ्या जागेत एक मध्यम कुंडी राहते. त्याच पाइपाच्या अंगाला खिसे पाडले, आत खत-माती भरली आणि पाणी सगळीकडे पोहोचेल अशी सोय केली, तर तेवढ्याच जागेत पंधरा-सतरा रोपं वाढतात. पालक, पुदिना, कोथिंबीर, लसणाची पात, पानओवा, हौस असेल तर चार स्ट्रॉबेरी. फ्लॅटच्या बाल्कनीला हे झेपतं, चाळीच्या गॅलरीलाही झेपतं.

पाइप विकत आणावा लागतोच असं नाही. सोसायटीची पावसाळी पाण्याची लाइन बदलली की जुने तुकडे जिन्याखाली पडून राहतात. गावाकडे बोअर मारल्यावर केसिंगचा तुकडा उरतो, शेतातली पाइपलाइन नवी केली की जुनी बांधावर येते. यातलं काही भंगारवाला नेतो, उरलेलं उकिरड्यावर जातं आणि कधी कचऱ्याबरोबर पेटवलं जातं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो, डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. न कुजणारी ही वस्तू पुढची काही वर्षं भाजी पिकवण्याच्या कामी आली, तर दोन्ही बाजूंनी फायदा आहे.

तरीही हौसेने उभ्या केलेल्या अशा कितीतरी नळ्या पहिल्याच उन्हाळ्यात सुकतात. वरची रोपं करपतात, खालची कुजतात आणि मग पाइप पुन्हा जिन्याखाली जातो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. सगळं लक्ष खिसे पाडण्यावर जातं आणि पाणी आत कसं फिरणार, हा विचार राहून जातो. पाच फूट उंच आणि वीतभर रुंद अशा मातीच्या खांबात पाणी कुंडीसारखं वागत नाही. ते कसं वागतं, हे आधी समजून घेतलं तर नळी वर्षानुवर्षं टिकते.

पाइप निवडताना

जुना पाइप हाती आला की पहिला प्रश्न विचारायचा: यातून आजवर काय वाहत होतं? पावसाचं पाणी, विहिरीचं पाणी, बोअरचं केसिंग असेल तर उत्तम. संडासाच्या लाइनचा पाइप कितीही धुतला तरी खाण्याच्या भाजीसाठी घेऊ नये. कारखान्यातला, रसायनं वाहून नेलेला पाइप तर फुलझाडांसाठीसुद्धा नको.

दुसरा प्रश्न, पाइप कशाचा आहे? जुन्या इमारतींना बाहेरून लावलेल्या काही नळ्या सिमेंटसारख्या करड्या, खरखरीत आणि जड असतात. त्या अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या असू शकतात. त्यांना करवत लावायची नाही, भोक पाडायचं नाही, फोडायच्याही नाहीत. कापताना उडणारे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि अनेक वर्षांनी कर्करोगासारखे आजार उद्भवतात.

प्लॅस्टिकच्या पाइपांत आपल्याकडे मुख्यतः दोन जाती भेटतात: पीव्हीसी आणि एचडीपीई. ओळखायची सोपी रीत म्हणजे पाइपाचा नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात टाकायचा. पीव्हीसीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट, म्हणून तो तळाला जातो. एचडीपीईची घनता ०.९५च्या आसपास, म्हणून तो तरंगतो. एचडीपीई हाताला मेणचट लागतो आणि बहुधा काळा असतो. तो अन्नासाठी अधिक निर्धोक मानला जातो, पण त्याला चिकट सोल्यूशन लागत नाही आणि गरम करून दिलेला आकारही तो नीट धरत नाही. त्याला गोल भोकंच पाडावी लागतात. पीव्हीसी मात्र उष्णतेने मऊ होतो, हवा तसा वळतो आणि थंड झाला की तो आकार सोडत नाही.

पीव्हीसीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाइप तयार करताना पीव्हीसी तापवावं लागतं आणि त्या तापात ते विघटित होऊ नये म्हणून त्यात स्थिरक मिसळतात. आपल्या देशात अनेक वर्षं हे स्थिरक शिशाचं असायचं, कारण ते स्वस्त पडायचं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ साली नियम अधिसूचित करून पाइपांतल्या शिशावर बंधनं आणली. त्यामुळे त्याआधीच्या पाइपात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. शिसं प्लॅस्टिकमध्ये बरंचसं बांधलेलं असतं, पण उन्हाने पृष्ठभाग पांढुरका आणि पिठूळ झाला की ते सुटू शकतं. आम्लधर्मी ओलीतही ते सुटतं. म्हणून साधा नियम ठेवावा. पाइपावर ‘लेड फ्री’ छापलेलं असेल किंवा तो एचडीपीईचा असेल, तर त्यात भाजी लावावी. छाप पुसलेला, कोणत्या काळातला हे न कळणारा पीव्हीसी पाइप फुलझाडांना आणि शोभेच्या वेलींना द्यावा. पोर्टुलाका, पिटुनिया, मनीप्लांट, नेचे अशा नळीत सुरेख फुलतात. बोट फिरवल्यावर पांढरी पूड येते किंवा दाबल्यावर तडकतो, असा पाइप कशालाच घेऊ नये.

चार इंची की सहा इंची?

बाजारात आणि भंगारातही ११० मिलिमीटरचा, म्हणजे बोलीभाषेतला चार इंची पाइप सगळ्यात जास्त मिळतो. बहुतेक जण त्याच्यापासूनच सुरुवात करतात. पण जरा हिशोब मांडून पाहा. चार इंची पाइपाच्या पाच फुटी तुकड्यात साधारण १३ लिटर माती मावते. १६० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंची पाइपात तेवढ्याच उंचीला साधारण २७ लिटर मावते. व्यास दीडपटीच्या आत वाढतो आणि माती दुप्पट होते, कारण नळीचं आकारमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

हा फरक उन्हाळ्यात जाणवतो. पंधरा रोपांना १३ लिटर माती म्हणजे रोपाला एक लिटरही येत नाही. एप्रिलच्या उन्हात एवढी माती सकाळी भिजवली तर दुपारपर्यंत कोरडी होते. चार इंची नळी पावसाळ्यात आणि थंडीत चालते, पण एक दिवस पाणी चुकलं की संपली. सहा इंची नळी तेवढी एक चूक पोटात घालते. आठ इंची मिळाली तर आणखी बरं, त्यात सुमारे ४३ लिटर माती बसते. चार इंचीच हाताशी असेल तर खिसे निम्मे पाडावेत, आठच्या वर जाऊ नये.

वजनाचाही विचार हवा. भिजलेली माती, पाइप आणि बादलीतली खडी धरून सहा इंची नळीचं वजन ५० किलोच्या आसपास जातं, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढं. एक-दोन नळ्यांची चिंता नाही. पण बाहेर झेपावलेल्या बाल्कनीच्या कठड्यालगत सहा-सात नळ्यांची रांग लावू नये. त्या आतल्या भिंतीजवळ, तुळईवर भार येईल अशा ठेवाव्यात. कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर नळी कधीच उभी करू नये, खाली माणसं चालतात.

खिसे पाडण्याची रीत

दहा फुटी पाइपाचे मधोमध दोन तुकडे केले की पाच-पाच फुटांच्या दोन नळ्या होतात. आता उभ्या रेषा आखायच्या. पाइपाभोवती वर्तमानपत्राची पट्टी घट्ट गुंडाळावी, दोन टोकं जुळतात तिथे खूण करावी. ही लांबी म्हणजे पाइपाचा घेर. सहा इंचीला तो ५० सेंटिमीटर भरतो. पट्टी सोडून तिच्या तीन समान घड्या घालाव्यात आणि पुन्हा गुंडाळून घड्यांच्या खुणा पाइपावर उतरवाव्यात. तीन रांगा मिळाल्या. रेषा सरळ ओढण्यासाठी पाइप दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात आडवा दाबून धरला की चौकटीची कडच पट्टीचं काम करते.

पाइपाचा खालचा २५ सेंटिमीटरचा भाग बादलीत जाणार आहे, तेवढा कोरा सोडावा. पहिल्या रांगेत खालून ४० सेंटिमीटरवर पहिली खूण, मग दर २० सेंटिमीटरला एक, अशा पाच खुणा. दुसरी रांग ४७वर सुरू करावी, तिसरी ५४वर. त्यामुळे कोणत्याही उंचीवर एकच चीर पडते, पाइप कमकुवत होत नाही आणि वरच्या रोपाची सावली खालच्यावर पडत नाही. एकूण १५ खिसे होतात, शिवाय वरच्या उघड्या तोंडाशी दोन रोपं. नळी भिंतीला लागून ठेवायची असेल तर भिंतीकडची रांग पाडूच नये.

प्रत्येक खुणेवर लोखंड कापायच्या करवतीने, म्हणजे हॅकसॉने, आडवी चीर पाडावी. लांबी ९ ते १० सेंटिमीटर. कापताना नाकाला मास्क लावावा आणि पडलेला कीस झाडून वेगळा गोळा करावा. तो मातीत जाऊ देऊ नये.

आता आकार द्यायचा. त्यासाठी हीट गन लागते. हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडेही बहुधा असते. चिरेच्या वर आणि खाली पाच-सहा सेंटिमीटरचा भाग गन सतत हलती ठेवून तापवावा. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि आणखी थोडं तापल्यावर रबरासारखा लवतो. त्या क्षणी लाकडाची निमुळती खुंटी किंवा जाड काचेच्या बाटलीचं तोंड वरून तिरकं चिरेत दाबावं. खालचा ओठ बाहेर येतो, वरचा आत वळतो आणि माती धरणारा खिसा तयार होतो. ओल्या फडक्याने मिनिटभर दाबून धरलं की आकार कायमचा बसतो. पाइप पिवळा-तपकिरी पडायला लागला किंवा उग्र वास आला, तर ताप जास्त झाला आहे. गन तिथल्या तिथे बंद करावी. हे काम मोकळ्या हवेत करावं.

शेतावर पाइपाचं टोक जाळावर शेकून सॉकेट करण्याची रीत सर्रास दिसते. ती इथे वापरू नये. ज्वाळेत पाइप कुठे मऊ होतो आणि कुठे जळायला लागतो यावर ताबा राहत नाही, आणि सुटणारा वायू शेकणाऱ्याच्याच छातीत जातो. हीट गन नसेल तर ड्रिलला गोल कटर लावून दोन इंची भोकं पाडावीत आणि त्यांत प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीचा तिरका कापलेला गळा बसवावा. दिसायला ते तितकं सुबक नसतं, काम मात्र तेच होतं.

पाणी कुठे जातं?

आता मुख्य विषयाकडे येऊ. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थोडं पाणी गळून थेंब थांबतात. तोच स्पंज आता उभा करा, पुन्हा थेंब पडायला लागतात. स्पंज तोच, पण उंची वाढली की तो कमी पाणी धरतो, आणि जे धरतो ते खालच्या भागात साठतं. उभ्या नळीतल्या मातीचं नेमकं असंच होतं. वरचा दीड-दोन फूट भाग लवकर कोरडा पडतो आणि तळाचा वीतभर भाग सतत ओला राहतो. वरची रोपं करपण्याचं आणि खालची कुजण्याचं कारण हे आहे.

तळाला खडीचा थर दिला की निचरा वाढतो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वर साठून राहतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा थर तेवढाच वर सरकतो. म्हणून पाइपाच्या आत खडी नको. बुडाला शेडनेटचा तुकडा बांधावा, मातीच भरावी आणि खडी पाइपाच्या बाहेर, बादलीत, आधारासाठी वापरावी.

वरून तांब्याने पाणी ओतलं तर आणखी एक अडचण येते. पाणी पाइपाच्या भिंतीलगतची फट शोधतं आणि वरच्या दोन-तीन खिशांतून माती घेऊन बाहेर पडतं. कोकोपीट एकदा पूर्ण कोरडं झालं की ते पाणी चटकन शोषतही नाही. मग खालून पाणी गळताना दिसतं, पण आत मुळं तहानलेलीच असतात.

यावर उपाय म्हणजे मधली नळी. एक इंची पाइपाचा मुख्य नळीएवढा तुकडा घ्यावा, बुडाला एंड कॅप बसवावी आणि अंगाला तीन मिलिमीटरची भोकं पाडावीत. भोकं सगळीकडे सारखी पाडायची नाहीत. पाणी भरलं की तळाला दाब जास्त असतो, त्यामुळे खालच्या भोकांतून ते जोरात निघतं. म्हणून वरच्या तिसऱ्या भागात दर पाच सेंटिमीटरला चारी बाजूंनी भोकं, मधल्या भागात दर आठ-दहा सेंटिमीटरला आणि खालच्या भागात मोजकी चार-पाच. भोकं बुजू नयेत म्हणून नळीला मच्छरदाणीचं कापड एक वेढा गुंडाळून सुतळीने बांधावं. ही नळी मोठ्या पाइपाच्या मधोमध उभी करून मग माती भरायची. पाणी नेहमी हिच्यातच ओतायचं, आणि वरच्या मातीला वेगळं अर्धा तांब्या.

थंडीत सहा इंची नळीला दिवसाआड दीड-दोन लिटर पाणी पुरतं. कडक उन्हाळ्यात रोज तीन लिटरपर्यंत लागतं, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून दिलेलं बरं. गावाला जायचं असेल तर तासाला चार लिटर देणारा एक ड्रिपर मधल्या नळीत सोडावा. पंधरा मिनिटांत एक लिटर, असा साधा हिशोब आहे. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, मिठाचं किंवा साबणाचं नाही. बादलीत उतरलेल्या पाण्यात खताचा अंश असतो, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा वर ओतावं. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ते साठू देऊ नये. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत नवी पिढी उडते.

माती हलकी हवी

देशावरची काळी माती शेतात सोन्यासारखी, पण नळीत अगदी निरुपयोगी. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात आणि पाइपापासून सुटते. कोकणातली लाल माती थोड्या प्रमाणात चालते. उत्तम मिश्रण असं: चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळ खत, दोन भाग कुजलेला पाचोळा किंवा जुनं शेणखत, एक भाग भाताचं तूस, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर ६० लिटरच्या पुढे जाते, म्हणजे चार-पाच नळ्यांची बेगमी होते. तिच्यात क्षार असू शकतात, म्हणून भिजवून दोन-तीनदा पिळून घ्यावी.

भरणं आणि लावणं एकाच वेळी करायचं. पहिल्या खिशापर्यंत माती भरावी. पाइपाला बाहेरून थापट्या माराव्यात म्हणजे पोकळ्या बसतात. माती दांड्याने ठासू नये, मुळांना हवा राहत नाही. मग रोपाची मुळं खिशातून आत सरकवावीत, मानेभोवती नारळाच्या काथ्याची चिमूट गुंडाळावी म्हणजे माती सांडत नाही, आणि वर पुढच्या खिशापर्यंत भराव चढवावा. पहिल्या आठवड्यात माती चार बोटं खाली बसते, तेवढी वरून पुन्हा भरावी.

दर पंधरवड्याला पातळ खत लागतं, कारण इतक्या कमी मातीतलं अन्न पाण्याबरोबर लवकर उतरतं. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेलं जीवामृत इथेही उपयोगी पडतं. शेतासाठी २०० लिटर पाण्याला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती असं प्रमाण आहे. बाल्कनीसाठी दोन लिटर पाण्याला १०० ग्रॅम शेण, १०० मिलिलिटर गोमूत्र, २० ग्रॅम गूळ, २० ग्रॅम बेसन आणि चिमूटभर माती पुरे. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून रोज ढवळावं. मग दहापट पाणी घालून आणि गाळून मधल्या नळीत ओतावं. न गाळता ओतलं तर भोकं बुजतात.

ऊन कोणत्या बाजूने येतं?

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या कामातून एक गोष्ट सतत ठसवली: पीक म्हणजे पानांनी पकडलेलं ऊन. उभ्या नळीत पानं थरावर थर येतात, त्यामुळे कमी जागेत जास्त ऊन पकडता येतं. पण ते ऊन बाल्कनीत यायला हवं, आणि आपल्याकडे त्याची दिशा वर्षभरात बदलते. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य तिथे दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत सात-आठ फूट आतपर्यंत ऊन येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. तेव्हा त्याच बाल्कनीत दुपारचं थेट ऊन पडतच नाही.

म्हणून दक्षिणेची बाल्कनी असेल तर नळी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात भरभरून देते, आणि पालेभाज्यांचा चांगला हंगामही तोच. पूर्वेची बाल्कनी वर्षभर चालते. पश्चिमेला उन्हाळ्यात ५० टक्क्यांची शेडनेट हवीच. करडा किंवा काळा पाइप विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात इतका तापतो की भिंतीलगतची मुळं मरतात. बाहेरून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात दिले तर पाइप कमी तापतो आणि उन्हाने पिठूळही लवकर होत नाही. नळी चाकांच्या मजबूत स्टँडवर असेल तर दर आठवड्याला एक रांग पुढे येईल अशी फिरवावी. वरचं टोक मात्र ग्रिलला दोरीने बांधून ठेवावं, वळवाचा वारा कोणाचं ऐकत नाही.

कुठे काय लावायचं?

वर कोरडं आणि खाली ओलं, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा रोपांची वाटणीही तशीच करायची. सगळ्यात वर, ऊन सोसणारी आणि पाणी कमी मागणारी रोपं: पानओवा, घोळ, सब्जा. उघड्या तोंडाशी मुळांना खोली मिळते, तिथे एक मिरची किंवा चेरी टोमॅटो येतो. मधल्या खिशांत पालक, माठ, आंबट चुका, लेट्युस, लसणाची आणि कांद्याची पात. अगदी खाली पुदिना, कारण त्याला ओल आवडते. तो पसरतो, म्हणून त्याच्या शेजारी नाजूक काही लावू नये. खालच्या खिशात मायाळूही रमतो, त्याचा वेल ग्रिलवर चढवून द्यावा.

कोथिंबीर आणि मेथी यांना पुनर्लागवड मानवत नाही, त्यांचं बी खिशातच पेरावं. धने चपलेखाली किंवा लाटण्याने रगडून दोन फाका कराव्यात आणि रात्रभर भिजवून टाकावेत. मेथी महिन्याभरात खुडायला येते. पुदिन्याची जुडी बाजारातून आणली की त्यातल्या जाड काड्या पाण्यात उभ्या ठेवाव्यात, आठवड्याभरात मुळं फुटतात. वांगी, भेंडी, मुळा, गाजर यांचा हट्ट इथे धरू नये, त्यांना खोल आणि मोकळी माती लागते.

स्ट्रॉबेरी हे या नळीचं लाडकं फळ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या थंड हवेमुळे आणि मातीमुळे आलेल्या चवीला. पुण्या-नाशिकच्या थंडीतही ती नळीत फळते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रोपं लावावीत. रोपाचा गाभा मातीच्या पातळीवर राहील हे पाहावं, तो पुरला गेला तर कुजतो. खिशातून फळं हवेत लोंबतात, मातीला टेकत नाहीत, त्यामुळे ती सडत नाहीत आणि गोगलगायींच्या तोंडीही सहज लागत नाहीत.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारावं. कोकणात पावसाळ्यात नळीच्या तोंडावर टोपी घालावी, नाहीतर सगळं खत पहिल्या आठवड्यातच वाहून जातं. वर्षातून एकदा, मेअखेर, नळी रिकामी करून माती उन्हात पसरावी, मधल्या नळीची भोकं दाभणाने मोकळी करावीत आणि ताजं गांडूळ खत मिसळून पुन्हा भरावी.

एका नळीने घराची भाजी भागत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. पण आठवड्यातून दोनदा पालकाची डाळ, रोजच्या चहापुरता पुदिना आणि पोह्यांवरची कोथिंबीर एवढं ती नक्की देते. तेही फवारणी कसली झाली याची शंका न ठेवता. यंदा पाऊस ओसरला की जिन्याखालचा पाइप बाहेर काढा, तो कसला आहे हे तपासा आणि एकच नळी नीट उभी करा. मधल्या नळीचं काम टाळू नका. पहिली नळी एक उन्हाळा तगली, तर दुसरी उभी करायला हरकत नाही.